माझ्याकडे ती पट्टीच नाही

काकूंचा फोन आला तो भर दुपारी, मी शिकवते त्या क्लासच्या दोन बॅचच्या मधल्या वेळात. गुहागरकडे समुद्राला लागून त्यांचं घर आहे. वरच्या खोल्या पर्यटकांना देतात, जेवणखाण घरचंच. आपल्या घराची वेबसाइट आपणच करायची, हे त्यांनी पक्कं ठरवलं होतं. "भाव बदलला, वाडीचा नवा फोटो टाकायचा झाला, की दर वेळी कुणाच्या मिनतवाऱ्या करत बसू?" असं त्या म्हणाल्या होत्या आणि मला ते मनापासून पटलं होतं. त्यांच्यासाठी मी वर्डप्रेसची, म्हणजे वेबसाइट बनवायच्या साधनाची, एक चित्रवही तयार केली. प्रत्येक पायरीला स्क्रीनचं एक चित्र, जिथे क्लिक करायचं तिथे लाल गोल, गोलात आकडा, खाली मराठीत दोन ओळी. रंगीत प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून ती त्यांच्या हातात दिली. काकू ती वही कीबोर्डच्या डावीकडे उघडी ठेवतात, पान उडू नये म्हणून वर चष्म्याचं घर ठेवतात, आणि एक बोट कागदावर, एक हात माउसवर असं त्यांचं काम चालतं.

"अगं, फोटोचा आकार बदलायच्या चित्रात उजव्या हाताला जी पट्टी दिसतेय ना, ती माझ्याकडे नाहीच. माझ्याकडे भलतंच आहे. तारीख, लेखकाचं नाव, असलं काहीतरी."

मी विचारलं, "काकू, आधी फोटोवर क्लिक केलंत का?"

पलीकडून थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग, "हां, आली बघ! आली पट्टी." आणि लगेच, "पण फोटोला हात लावायचा, हे चित्रात कुठेय?"

चित्रात ते होतं. फोटोच्या कडेने निळी रेघ होती, वर छोटी बटणांची ओळ तरंगत होती. फोटो निवडलेला आहे, हे सांगणाऱ्या सगळ्या खुणा त्या छापील चित्रात हजर होत्या. पण त्या खुणा कुणाला दिसतात? ज्याला आधीच माहीत आहे त्याला. काकूंची नजर लाल गोलावर होती, कारण तिथेच बघायला त्यांना शिकवलं होतं. लाल गोल उजवीकडच्या पट्टीवर, आणि ती पट्टी जिच्यामुळे उगवते ती निळी रेघ पानाच्या मध्यात, केसाएवढी बारीक. फोन ठेवल्यावरही त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. पुढच्या बॅचची मुलं येऊन बसली, संगणक सुरू झाले, तरी मी मनात त्या वहीची पानं उलटत होते आणि प्रत्येक चित्रात एकच शोधत होते: इथे काय निवडलेलं आहे, आणि ते कुणाला कळणार आहे?

मी स्वतः वेब डिझाइन शिकले ते पुण्यात, २००३ च्या सुमारास. ड्रीमवीव्हर या वेबपानं बनवायच्या सॉफ्टवेअरचा जमाना होता. मॅक्रोमीडिया नावाची कंपनी ते बनवायची. १९९७ च्या अखेरीस पहिली आवृत्ती आली होती, आणि अ‍ॅडोबीने मॅक्रोमीडिया विकत घ्यायला अजून दोन वर्षं अवकाश होता. आमच्या क्लासमध्ये संगणकांवर एमएक्स ही नवी आवृत्ती होती आणि हातातल्या नोट्स होत्या जुन्या चौथ्या आवृत्तीच्या, त्याही झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्स. चौथ्या आवृत्तीत सगळी पॅनेल्स सुटी, स्क्रीनभर तरंगणारी. एमएक्समध्ये ती सगळी एका मोठ्या खिडकीत, कडेला बसवलेली. त्यामुळे चित्रात जे डावीकडे ते आमच्याकडे उजवीकडे, चित्रात जे मोकळं ते आमच्याकडे घडी घातलेलं. शिवाय झेरॉक्स काळी-पांढरी. रंग निवडायची चौकट उघडली की त्या वेळी २१६ रंगांचे चिमुकले चौकोन दिसायचे: लाल, हिरवा, निळा, प्रत्येकाच्या सहा पायऱ्या, सहा गुणिले सहा गुणिले सहा. २५६ रंगच दाखवू शकणाऱ्या स्क्रीनवरही हे रंग सारखे दिसतील असा त्यामागचा हिशेब. आमच्या नोट्समध्ये त्या चौकटीचा एक करडा-काळा ठिपकेदार डाग झाला होता, आणि त्या डागावर कुणीतरी पेनाने बाण काढून लिहिलं होतं, "इथला निळा घ्या."

तरीही त्या नोट्सवर माझा जीव होता. माझं इंग्रजी तेव्हा बेताचं. अप्पा बळवंत चौकात वेब डिझाइनची जाडजूड पुस्तकं मिळायची, पण त्यातले सलग मजकुराचे परिच्छेद बघून छाती दडपायची. चित्र मात्र कुणाच्याही भाषेचं नसतं असं वाटायचं. मेनू उघडल्याचं चित्र, त्यात एक ओळ गडद झालेली. पुढचं चित्र, एक छोटी खिडकी उघडलेली, तिच्यात आकडे भरलेले. त्यापुढचं, पानावर तीन रांगांचं टेबल उमटलेलं. हे बघून हाताला धीर यायचा. काहीतरी चुकेल, संगणक बिघडेल, सर ओरडतील, ही भीती पहिल्या आठवड्यात प्रत्येकाच्या खांद्यात बसलेली असते. चित्रासारखंच आपल्या स्क्रीनवर दिसलं की खांदे खाली येतात. शिकवायला लागल्यापासून मी मुलांच्या स्क्रीनआधी त्यांचे खांदे बघते.

ड्रीमवीव्हरच्या तळाशी गुणधर्मांची आडवी पट्टी असायची, प्रॉपर्टीज. ती पट्टी म्हणजे त्या सॉफ्टवेअरचा प्राण. आणि नवशिक्याला सगळ्यात जास्त छळणारीही तीच. कर्सर टेबलच्या एका खान्यात असेल तर पट्टी खान्याबद्दल बोलायची: रुंदी, उंची, मागचा रंग. पूर्ण टेबल निवडलं की तीच पट्टी कूस बदलायची आणि रांगा किती, स्तंभ किती, किनार किती जाड, हे विचारायची. चित्रावर निवड आली की चित्राची पट्टी. नोट्समध्ये लिहिलेलं असायचं, "बॉर्डर शून्य करा." बाण बरोबर जागी. पण बाणाच्या टोकाशी आमच्या स्क्रीनवर बॉर्डरचा रकानाच नसायचा, कारण कर्सर खान्यात अडकलेला. शेजारचा मुलगा म्हणायचा, "माझ्याकडे ते व्हर्जनच नाही." शेजारची मुलगी म्हणायची, "माझ्याकडे इन्स्टॉल नीट झालेलं नाही." काकू म्हणाल्या, "माझ्याकडे ती पट्टीच नाही." वीस वर्षांत सॉफ्टवेअर बदललं, माणसं बदलली, तक्रार तीच आहे. आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्यालाच काहीतरी कमी मिळालंय.

सरांनी एकदा माझ्या मागे उभं राहून स्क्रीनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे करड्या बारीक अक्षरांत एक साखळी होती: बॉडी, टेबल, टीआर, टीडी. मी ती रोज बघत होते आणि एकदाही वाचली नव्हती. ते म्हणाले, "टेबलवर क्लिक कर." केलं. पूर्ण टेबलभोवती काळी चौकट आली, खालची पट्टी बदलली, बॉर्डरचा रकाना समोर. मग टीआरवर. एक आडवी रांग. टीडीवर. एकच खाना. पुन्हा बॉडीवर, आणि अख्खं पान. मी ते परत परत करत बसले. पानाच्या आत टेबल, टेबलाच्या आत रांग, रांगेच्या आत खाना, खान्याच्या आत फोटो. वेबपानं लिहायची भाषा, एचटीएमएल, म्हणजे काय हे तोवर फळ्यावर लिहून झालं होतं, टॅग उघडतो आणि बंद होतो हेही पाठ होतं. पण एकात एक बसलेली ही रचना मला खरी दिसली ती त्या कोपऱ्यात, चार शब्दांच्या साखळीवर मागे-पुढे जाताना.

नोट्समधल्या एकाही चित्रात त्या कोपऱ्यावर बाण नव्हता.

त्या काळी टेबलं वापरूनच अख्खी वेबसाइट रचायची. पानाचे रंग आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून जाहीर झाली होती, पण ब्राउझर तिचे नियम आपापल्या मर्जीने पाळत. म्हणून टेबलात टेबल, त्यात आणखी टेबल, आणि जागा ताणून धरायला एका पिक्सेलचं पारदर्शक चित्र. डोळ्यांना न दिसणारं ते चित्र पानाचा अर्धा भार पेलायचं. अशा पानात नेमकं काय निवडलंय हे कळणं हीच अर्धी विद्या होती. आज त्या टेबलांची कुणाला आठवणही नको असते आणि ते बरंच आहे. पण निवडलेल्या गोष्टीचे गुणधर्म एका पट्टीत दाखवायचे, ही कल्पना वर्डप्रेसमध्ये आहे, फिग्मामध्ये आहे, मुलं वापरतात त्या जवळजवळ प्रत्येक साधनात आहे. गंमत बघा, वर्डप्रेसच्या संपादकात पानाच्या अगदी तळाशी अजूनही तशीच एक साखळी आहे: पान, गट, स्तंभ, चित्र. डिसेंबर २०१८ मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि लिहायची जागा ब्लॉकची झाली, म्हणजे परिच्छेद, फोटो, प्रत्येक तुकडा सुटा. पुढे त्यात ती साखळी आली, तेव्हा ती बघून मला जुनं माणूस बाजारात अचानक भेटावं तसा आनंद झाला होता.

आईकडे रांगोळीच्या छोट्या पुस्तिका होत्या. दिवाळीच्या आधी मंडईबाहेर मिळतात तशा, पातळ कागदाच्या, कडेला पिवळ्या पडलेल्या. त्यात प्रत्येक नक्षीवर फक्त एवढं लिहिलेलं: "१५ ठिपके, ८ पर्यंत." आणि पूर्ण झालेली रांगोळी. कुठली रेघ आधी, कुठली नंतर, काही नाही. आई पुस्तिका उंबऱ्यावर उघडी टाकायची, उकिडवी बसायची आणि आधी सगळे ठिपके घालायची. मग थोडा वेळ नुसतं बघायची. मी घाई करायची, "सुरू कर ना." ती म्हणायची, "थांब, मला दिसू दे." ती काय बघते हे तेव्हा कळायचं नाही. ती मधला ठिपका शोधत असायची. तिथून चार बाजूंना काय सारखं आहे, कुठला तुकडा पुन्हा पुन्हा येतो, हे तिला दिसलं की हात सुटायचा आणि मग पुस्तिकेकडे ती क्वचितच वळून बघायची. एखादी रेघ वाकडी गेली तर तिथल्या तिथे चिमटीने उचलायची. रचना कळली होती, म्हणून रेघ चुकल्याचंही तिला लगेच कळायचं.

सॉफ्टवेअरच्या आमच्या चित्रवह्यांचं नेमकं उलटं आहे. क्रम आहे, रचना नाही. एक, दोन, तीन, चार. चौथ्याला काहीतरी वेगळं दिसलं की माणूस पहिल्या आकड्यावर परततो, कारण परतायला दुसरी जागाच दिलेली नसते. काकूंनीही त्या दिवशी फोन करण्याआधी तेच केलं होतं. सगळं बंद करून, पुन्हा लॉगिन करून, पहिल्या चित्रापासून सुरुवात. ते ऐकून मला फार वाईट वाटलं. भाकऱ्या करून, पाहुण्यांची जेवणं आटोपून बसलेली बाई, आणि एका क्लिकसाठी तिची दुपार गेली.

आयबीएममध्ये जॉन कॅरोल नावाच्या संशोधकाने १९८० च्या दशकात नेमकं हेच बघितलं होतं. संगणकावर मजकूर तयार करायला नव्याने शिकणाऱ्या लोकांच्या शेजारी बसून त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी निरीक्षणं केली. लोक पुस्तिका सलग वाचत नाहीत, खऱ्या कामालाच हात घालतात, अडकले की पानं चाळतात, आणि एक पायरी चुकली की पुढच्या सगळ्या पायऱ्या फसतात. मग त्यांनी पुस्तिका खूपच बारीक केली. त्यात एक गोष्ट मुद्दाम ठेवली: चूक झाली तर ती ओळखायची कशी आणि तिथून सावरायचं कसं. ते वाचलं तेव्हा मला बी.एड.च्या वर्गातल्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा ते जवळचं वाटलं. जॉन स्वेलर या ऑस्ट्रेलियातल्या मानसशास्त्रज्ञाचंही एक निरीक्षण मी रोज अनुभवते: चित्र एकीकडे आणि त्याचं स्पष्टीकरण दुसरीकडे असलं की दोन्हींची सांधेजोड करण्यातच डोक्याची शक्ती खर्ची पडते. म्हणून दोन ओळी चित्राच्या पोटात लिहायच्या, तळाशी नाही.

मराठी माणसाने तर चित्रातल्या पायऱ्यांवर फार मोठी मजल मारलेली आहे. आठवतंय का, विंडोज एक्सपीवर युनिकोड मराठी, म्हणजे सगळ्या संगणकांसाठी ठरलेल्या एकाच पद्धतीतली मराठी, नीट दिसत नसे? वेलांटी व्यंजनाच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरांचे पाय मोडलेले. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जा, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स उघडा, लँग्वेजेसचा टॅब, त्यात पहिल्या चौकोनात टिचकी मारा, आता विंडोजची सीडी घाला. ही चित्रं लोकांनी एकमेकांना ईमेलने पाठवली, प्रिंट काढून सायबर कॅफेच्या भिंतीवर चिकटवली. त्याआधी तर प्रत्येक वर्तमानपत्राचा वेगळा फॉन्ट. तो नसला की "महाराष्ट्र" च्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा, कारण आत साठवलेली अक्षरं खरोखर रोमनच असायची, वर फक्त मराठीचा मुखवटा. क्लासमध्ये आम्ही मराठी पान केलं की ड्रीमवीव्हरच्या डिझाइनच्या बाजूला सुंदर मराठी आणि कोडच्या बाजूला ते अगम्य भेंडोळं. पानाच्या गुणधर्मांत जाऊन एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, युनिकोडची युटीएफ-८ करायचं आणि खऱ्या मराठीत टाइप करायचं, हे मी कुठल्यातरी सद्‌गृहस्थाने चित्रं काढून समजावलेल्या दोन पानांवरून शिकले. त्या माणसाचं नाव त्यावर नव्हतं. कोडच्या बाजूलाही "नमस्कार" असं स्वच्छ उमटलेलं पहिल्यांदा बघितलं, तेव्हा मी शेजारणीला हलवून हलवून ते दाखवलं होतं.

आता व्हिडिओ आहेत. मुलं म्हणतात, मॅडम, वही कशाला, यूट्यूबवर सगळं आहे. खरं आहे, आणि व्हिडिओत माउस कुठून कुठे गेला ते दिसतं, म्हणजे निळी रेघ उमटायच्या आधीचं क्लिकही दिसतं. पण ते पाव सेकंदात होतं. सांगणारा त्या क्षणी दुसरंच बोलत असतो, कारण त्याच्या दृष्टीने निवडणं ही सांगायची गोष्टच नाही. त्याचा हात ते आपसूक करतो. शिकणारा थांबवतो, मागे जातो, पुन्हा चालू करतो, आणि तेवढ्यात त्याची स्वतःची खिडकी मागे गेलेली असते. कागदावरचं चित्र थांबून राहतं. काकूंचं बोट त्यावर हवा तितका वेळ राहू शकतं. ज्याचा वेग संथ आहे, ज्याला मधेच उठून दूध उतरवायला जायचं आहे, त्याच्यासाठी मला अजूनही थांबलेलं चित्रच योग्य वाटतं.

म्हणून मी वही नव्याने करायला घेतली आहे. पहिल्या पानावर काहीच करायचं नाही, फक्त बघायचं. एकाच पानाची तीन चित्रं शेजारी-शेजारी: पहिल्यात काहीच निवडलेलं नाही, दुसऱ्यात फोटो निवडलेला, तिसऱ्यात फोटो ज्या स्तंभात आहे तो स्तंभ निवडलेला. लाल गोल एकही नाही. निळी रेघ मी मुद्दाम जाड केली आहे, आणि तिन्हींत उजवी पट्टी कशी बदलते ते शिकणाऱ्याने स्वतः शोधायचं. दुसऱ्या पानावर तळाची साखळी, आणि तिच्यावरच्या प्रत्येक शब्दावर क्लिक करून काय निवडलं जातं ते बघायचा खेळ. त्यापुढच्या प्रत्येक पायरीला आता एक जादा छोटं चित्र आहे, करड्या चौकटीत: तुमच्याकडे असं दिसतंय का? मग हे निवडायचं राहिलंय. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वर्डप्रेसच्या आवृत्तीचा आकडा, कारण वर्षातून दोन-तीनदा त्याचा चेहरा थोडा बदलतो आणि जुनं चित्र खोटं पडतं. चौथ्या आवृत्तीच्या नोट्स घेऊन एमएक्ससमोर बसण्याचे हाल मला माझ्या मुलांचे होऊ द्यायचे नाहीत. क्लासमधले सहकारी म्हणतात, वही दुप्पट जाड झाली. झाली आहे. पण अडल्यावर पहिल्या पानावर परत जावं लागत नाही.

काकूंनी पहिली पानं पाहिली. तीन चित्रांच्या पानावर त्या बराच वेळ थांबल्या आणि मग म्हणाल्या, "हे आधी दिलं असतंस तर बाकीचं मी विचारलंच नसतं." त्यांची वेबसाइट आता चालू आहे. पावसाळ्यात वरच्या खोल्या बंद असतात ही सूचना त्यांनी एकट्यांनी, स्तंभांच्या वर, वेगळ्या रंगाच्या पट्ट्यात टाकली. तो रंग मी निवडला नसता, पण त्यांच्या ओटीच्या रंगाशी तो जुळतो. सध्या त्यांचा नवा प्रश्न आहे: संगणकावर शेजारी-शेजारी असलेले तीन फोटो पाहुण्यांच्या मोबाइलवर एकाखाली एक का जातात, आणि समुद्राचा फोटो नेमका शेवटी का? रुंदी कमी झाली की स्तंभ एकमेकांखाली उतरतात, डावीकडचा आधी, हे तोंडाने सांगता येतं. पण चित्रात कसं दाखवायचं? दोन स्क्रीन शेजारी ठेवून बाण काढले तर गुंता होतोय. रुंदी थोडी थोडी कमी करत पाच चित्रं घेऊन बघितली, त्यात तिसऱ्या आणि चौथ्या चित्राच्या मधेच सगळं घडून जातं. सध्या एक कागदी पट्टी करून बघतेय, तिच्यावर तीन फोटो चिकटवलेले आणि घडी घालता येईल अशी. ती वहीत कशी बांधायची, हे बाइंडिंगवाल्याला उद्या विचारायचं आहे.